पालखी येते जिजाईंच्या माहेरी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांच्या पादुका पंढरीच्या वाटेला लागतात. पहिला मुक्काम देहूतच, इनामदार वाड्यात. दुसरा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. तिथून पुढे पुणे. नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात पालखी विसावते. त्याच दिवशी ज्ञानोबा माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात येते. दोन रात्री पुण्याच्या पेठा वारकऱ्यांच्या होतात. कोणी पाय चेपून देतो, कोणी चपलेचा अंगठा शिवून देतो, कोणी पिठले-भाकरीची पंगत उठवतो. तिसऱ्या दिवशी माउली दिवे घाटाकडे वळतात आणि तुकोबाराय लोणी काळभोरची वाट धरतात.

वारकरी माउली, ही वाट आपण अनेकदा चालला असाल. पण पुण्याच्या या मुक्कामात एक नाते दडलेले आहे आणि त्याचा उच्चार आपल्या तोंडून फारसा होत नाही. पुणे ही तुकोबारायांची सासुरवाडी आहे. त्यांच्या धर्मपत्नी जिजाबाई, ज्यांना घरात आवली म्हणत, त्या पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांच्या कन्या. तुकोबारायांच्या मातोश्री कनकाई लोहगावच्या, आणि ते लोहगाव आज पुणे महापालिकेच्या हद्दीत आहे. तुकोबांना जन्म देणारी आणि त्यांचा संसार ओढणारी, या दोघी माउल्या पुण्याच्याच मातीतल्या. पालखी पुण्यात येते ती एका अर्थाने जिजाईंच्या माहेरी येते.

आज आपण या जिजाईंची आठवण काढू. संतांची पत्नी म्हणून त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. शेतकरी घरातली कर्ती बाई म्हणून त्यांच्याकडे आपण फार थोडे पाहिले आहे.

कीर्तनात जिजाई येतात तेव्हा मंडपात हशा पिकतो. तुकोबारायांना कोणी उसाची मोळी दिली, त्यांनी वाटेत पोरांना ऊस वाटले आणि एकच कांडे घेऊन घरी आले. जिजाईंनी तेच कांडे त्यांच्या पाठीत घातले, त्याचे तुकडे झाले, आणि तुकोबा म्हणाले की बरे झाले, वाटणी आपसूक झाली. ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ऐकताना तुकोबांच्या शांतीपुढे हात जोडले आहेत आणि जिजाईंना हसलो आहोत. असा संत आणि अशी बायको, असे म्हणत घरी गेलो आहोत. जगात इतरत्रही हेच झालेले दिसते. ग्रीस देशातला तत्त्ववेत्ता सॉक्रेटिस थोर ठरला आणि त्याची बायको झँटिपी भांडखोर म्हणून लोकांच्या बोलण्यात उरली. तिच्या घरात रोज काय शिजत होते आणि ते कुठून येत होते, हे विचारायला कोणी थांबले नाही.

जिजाईंच्या बाबतीत तरी आपण ते विचारावे.

देहूचे मोरे घराणे शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे. घरात महाजनकी होती, पेठेत दुकान होते, सावकारी होती, शेतीवाडी होती. त्याहून मोठे धन म्हणजे विठ्ठलाची सेवा. घराण्याचे मूळपुरुष विश्वंभरबाबा यांच्यापासून तुकोबांपर्यंत आठ पिढ्या मोजतात. परंपरा सांगते की विश्वंभरबाबांच्या मागे त्यांच्या पत्नी आमाबाई यांनी फार दुःख सोसले. त्यांची दोन मुले, हरी आणि मुकुंद, शिपाईगिरीला गेली आणि लढाईत पडली. हरीची बायको तेव्हा गरोदर होती. तिच्या पोटी मुलगा झाला आणि त्या एका अंकुरावर पुढचा सारा वंश वाढला. आमाबाईंनी देवाची सेवा सोडली नाही. म्हणजे या घरावर कर्ते पुरुष गेल्यावर गर्भातल्या लेकरासकट उभे राहण्याची वेळ एकदा आधीच आलेली होती. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

बोल्होबा आणि कनकाई यांना तीन मुले. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई. त्यांना दम्याचा विकार होता. म्हणून आईवडिलांनी तुकोबांचे दुसरे लग्न पुण्याच्या गुळव्यांच्या मुलीशी करून दिले. पुण्याच्या सावकाराची लेक देहूच्या महाजनाच्या घरी आली. तेव्हा घर भरलेले होते. गोठ्यात गुरे होती, पेवात धान्य होते. अशा घरात मुलगी देताना कोणत्या बापाला काळजी वाटेल?

मग दिवस फिरले. आईवडील गेले. थोरल्या सावजींची पत्नी वारली आणि ते विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेले. कारभार तुकोबांच्या कोवळ्या खांद्यावर आला. त्यातच १६३० चा दुष्काळ आला. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि पुढच्या वर्षी अतिवृष्टीने उरलेसुरले नेले. शाहजहान बादशहाच्या दरबारातील अब्दुल हमीद लाहोरी याने दख्खन आणि गुजरातच्या या दुष्काळाविषयी लिहून ठेवले आहे. भाकरीसाठी माणसे स्वतःला विकायला तयार होती, पण विकत घ्यायला कोणी उरले नव्हते, असे तो सांगतो. राजदरबारात बसलेल्या माणसाला जे दिसले ते देहूच्या चुलीपाशी किती जवळून दिसले असेल! या दुष्काळात रखमाबाई अन्न अन्न करीत गेल्या. तुकोबारायांनी स्वतः अभंगातून ही वेदना सांगितली आहे. पहिला मुलगा संताजी गेला. गुरे गेली. व्यापार बुडाला.

आता जिजाईंच्या बाजूने बघा. सासरी ही अवस्था असताना मुलगी कुठे बघते? माहेराकडे. आणि याच सुमारास पुणे उद्ध्वस्त झाले होते. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने १६३० च्या सुमारास पुणे कसबा जाळला, बेचिराख केला आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पुढे त्याच दशकाच्या उत्तरार्धात जिजाऊ मासाहेब बाळ शिवबांना घेऊन पुण्यात आल्या आणि गाव पुन्हा वसू लागले. त्या सोन्याच्या नांगराची आठवण पुणे अजून सांगते. एका जिजाने उजाड झालेले पुणे वसवले. त्याच पुण्याची दुसरी जिजा आठ-नऊ कोसांवर देहूला आपले उजाड झालेले घर वसवत होती. पहिलीच्या मागे जहागिरी होती. दुसरीच्या हाती जाते, चूल आणि म्हैस.

तरीही ही बाई हातपाय गाळून बसली नाही. महिपतीबाबा ताहराबादकरांनी ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथात तुकोबांचे चरित्र सविस्तर सांगितले आहे. ती कथा सांगते की नवऱ्याचा व्यापार पुन्हा उभा राहावा म्हणून जिजाईंनी स्वतःच्या नावावर खत लिहून दिले आणि दोनशे रुपये कर्ज काढून दिले. जवळपास चारशे वर्षांपूर्वीच्या एका बाईने आपल्या शब्दावर कर्ज उभे केले, याचा अर्थ गावात तिच्या शब्दाला पत होती. तुकोबा त्या पैशावर मीठ घेऊन व्यापाराला गेले, नफाही झाला. परतीच्या वाटेवर त्यांना कर्जापायी गांजलेला एक ब्राह्मण भेटला आणि त्यांनी मुद्दल-नफा सगळे त्याला देऊन टाकले. कीर्तनकार इथे तुकोबांच्या दयेचे वर्णन करतात आणि ते योग्यच आहे. पण माउली, खत जिजाईंच्या नावावर होते. दारात उभा राहणारा सावकार त्यांनाच विचारणार होता. तुकोबांनी दान दिले तेव्हा ते दान दोघांच्या घरातून गेले आणि त्याची फेड जिजाईंच्या कष्टातून झाली. दानाच्या कथेत तिचे नाव दाता म्हणून यायला हवे की नको, हे आपणच ठरवा.

पुढे तुकोबारायांनी वडिलार्जित सावकारीची खते काढली, निम्मी धाकट्या कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. गरीब कुणब्यांच्या मानेवरचे जोखड त्या दिवशी पाण्यात गेले. महाराष्ट्राच्या इतिहासात अशी कर्जमुक्ती दुसरी नाही. त्याच दिवशी या घराची येणी संपली. त्यानंतर उरली ती शेती, म्हैस, दळण आणि मोलमजुरी. तुकोबा भामचंद्र, भंडारा, घोरवडेश्वर या डोंगरांवर एकांतात बसत. घरी मुले वाढत होती. काशी, भागीरथी, गंगा या मुली, महादेव आणि विठोबा हे मुलगे. या पोरांच्या ताटात सांजसकाळ भाकरी पडली, ती कोणी थापली?

आणि आता त्यांच्या रागाकडे वळू, कारण आक्षेप त्याच्यावरच आहे.

जिजाई रागावत होत्या यात शंका नाही. त्याचा सर्वात जवळचा साक्षीदार म्हणजे स्वतः तुकोबाराय. गाथेत अभंगांचा एक गट असा आहे की ज्यात स्वामींच्या पत्नीने स्वामींना बोललेली कठीण उत्तरे आली आहेत. घरात धान्याची गोणी आली तरी हा पोरांच्या तोंडी लागू देत नाही, दारी टाळकुटे जमवतो, घरादाराचा विचार करत नाही, असे त्यात ती बोलते. शब्द झणझणीत आहेत, आणि खऱ्या स्वयंपाकघरातले आहेत. त्यानंतर स्वामींनी पत्नीला केलेला उपदेश येतो. आपण पारायणाला बसतो तेव्हा हे दोन्ही वाचतो.

थोडे थांबून विचार करा. तुकोबारायांना हे शब्द लपवता आले असते. घरातले भांडण कोण चारचौघांत मांडतो? पण त्यांनी बायकोची तक्रार तिच्याच तोंडाने अभंगात घेतली, नामाची मुद्रा लावली आणि गाथेत तिला जागा दिली. इंद्रायणीच्या डोहातून तरली ती ही गाथा. म्हणजे गाथा तरली तेव्हा जिजाईंची तक्रारही तरली. जे शब्द तुकोबांनी आपल्या वाणीच्या बरोबरीने ठेवले, त्यांना आपण हशाचे निमित्त करावे का?

जिजाईंचा राग कोणावर होता, हेही पाहू. त्या पतीवर चिडत, पण बोटे मोडीत त्या काळ्या विठ्याच्या नावाने. याने माझा संसार बुडवला, याने माझा धनी नेला, असा त्यांचा दावा देवावर होता. आता आपल्या परंपरेत देवाशी भांडणारे एकटेच आहेत का? नामदेवराय देवाशी रुसतात, भांडतात. जनाबाई विठोबाला खरेखोटे बोलतात, शिव्यासुद्धा देतात, आणि आपण ते प्रेमाने गातो. खुद्द तुकोबाराय देवाला कठोर बोल लावतात, त्याला दिवाळखोर ठरवतात. आणि कान्होबा! तुकोबाराय गेल्यावर धाकट्या भावाने केलेला आकांत गाथेत आहे. माझा भाऊ परत दे, म्हणून कान्होबा विठ्ठलाला धरून बसले, त्याला नाही नाही ते बोलले. त्याला आपण प्रेमकलह म्हणतो, भक्तीचा कळस म्हणतो.

भाऊ नेला म्हणून भाऊ देवाला बोलला तर ती भक्ती, आणि नवरा नेला म्हणून बायको बोलली तर ती कजाग, हा कोणता न्याय? रोज भांडायला देव समोर उभा आहे असे ज्याला वाटते, त्याच्या घरी देवाचे अस्तित्व पक्केच असते. नास्तिकाला विठोबावर रागावता येत नाही. जिजाईंना ते येत होते.

जिजाईंना मोठे भक्त ठरवायचा माझा आग्रह नाही. त्यांनी तसा दावा कधी केला नाही. त्यांना जे हवे होते ते साधे होते. पोरांना पोटभर, अंगाला धडके लुगडे, आणि दारात सावकार नको. तुकोबांचे वैराग्य खरे होते आणि जिजाईंची ही मागणीही खरी होती. एका छपराखाली दोन खऱ्या गोष्टी राहत होत्या, म्हणून तिथे ठिणग्या उडत. त्यातली एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरवण्याची घाई आपण केली.

स्वतः विठोबाने ती घाई केली नाही. काट्याची कथा आठवा. तुकोबा डोंगरावर भजनात दंग. पती जेवल्याशिवाय जेवायचे नाही हा जिजाईंचा नेम. रागावत, पुटपुटत, पण भाकरी बांधून त्या उन्हात रोज डोंगर चढत. एके दिवशी पायात काटा मोडला. रक्त आले, त्या मटकन खाली बसल्या. तेव्हा पांडुरंग आला आणि त्याने आपल्या हाताने जिजाईंच्या पायातला काटा काढला. ही कथा आपण देवाच्या भक्तवात्सल्याची म्हणून सांगतो. पण तिच्यात एक बारीक गोष्ट आहे. ज्याच्या पायांवर डोके ठेवण्यासाठी आपण अडीचशे किलोमीटर चालत जातो, त्या देवाने जिजाईंचा पाय हातात घेतला. आदल्या दिवशीच तिने त्याला शिव्या दिल्या असतील. त्याने हिशोब मांडला नाही. उन्हात भाकरी घेऊन निघालेला पाय कोणाचा आहे, एवढेच त्याने पाहिले.

इ.स. १६५०, फाल्गुन वद्य द्वितीया. आपण त्या दिवसाला बीज म्हणतो. तुकोबाराय वैकुंठाला निघाले. परंपरा सांगते की त्यांनी जिजाईंना बोलावले, चल म्हणाले. जिजाई गेल्या नाहीत. त्या गरोदर होत्या. घरात लहान मुले, गोठ्यात म्हैस. मी आले तर यांचे कोण करील, असे त्यांचे उत्तर सांगतात. कीर्तनात या जागीही लोक हसतात. वैकुंठ सोडून म्हशीपाशी राहिली, म्हणतात.

माउली, इथेच क्षणभर उभे राहू. समजा जिजाई निघाल्या असत्या. त्यांच्या उदरात तेव्हा जे बाळ होते ते म्हणजे नारायण. वडिलांना त्याने डोळ्यांनी पाहिले नाही. आमाबाईंच्या वेळी जसे झाले होते तसेच पुन्हा झाले. घरातला कर्ता गेला आणि वंशाचा दिवा गर्भात राहिला. जिजाईंनी त्याला जन्म दिला आणि जिजाई व कान्होबा यांच्या घरात तो वाढला. ज्या घरात वडील अभंगरूपाने होते आणि आई अंगमेहनतीने, त्या घरात हा मुलगा मोठा झाला. तेच आपले नारायणबाबा. १६८५ साली त्यांनी तुकोबारायांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीला जाऊन ज्ञानोबारायांच्या पादुका घेतल्या, आणि ज्ञानोबा-तुकारामांना एका पालखीत बसवून पंढरीला नेले. वारी त्याआधीही होती. विश्वंभरबाबा वारी करीत, ज्ञानोबांच्या वाडवडिलांच्या घरी वारी होती. पण गावोगावचे वारकरी एका पालखीमागे, एका शिस्तीत, ज्ञानोबा-तुकाराम म्हणत चालू लागले ते नारायणबाबांमुळे. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला आणि आजचे दोन पालखी सोहळे आपल्याला मिळाले.

जिजाई मागे राहिल्या म्हणून नारायणबाबा झाले, आणि नारायणबाबा झाले म्हणून आज आपण पालखीपुढे नाचतो. १६५० ते १६८५ ही पस्तीस वर्षे आपल्या इतिहासात एका ओळीत संपतात. त्या ओळीत रोजचे दळण आहे, पेरण्या आहेत, मुलींच्या सासरचे येणेजाणे आहे, आजारपणे आहेत, स्वराज्याच्या धामधुमीतली फौजांची ये-जा आहे. ही वर्षे कोणीतरी दिवसादिवसाने पार पाडली, म्हणून त्यांच्या शेवटी पालखी उभी राहिली.

जिजाईंचे हे रूप पुण्यातच एकदा फार सुंदर उमटले. कोल्हापूरहून १९३३ साली पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ हा चित्रपट काढला. दामले आणि फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत, आणि जिजाई झाल्या होत्या गौरी. आपल्या आजी-आजोबांनी हा चित्रपट चपला बाहेर काढून पाहिला असेल. आजारी मुलाला घेऊन, हातात वहाण घेऊन विठ्ठलाच्या देवळात जाब विचारायला धावणारी गौरीची जिजाई ज्याने पाहिली, त्याला हसूही येते आणि डोळेही भरतात. पुढच्या वर्षी इटलीतल्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तिथल्या लोकांना अभंग कळला नसेल, पण उपाशी लेकराची आई कळायला भाषा लागत नाही. ज्या पुण्यात जिजाईंचे माहेर, त्याच पुण्यात त्यांची ही मूर्ती घडली, हा योग मला मोठा वाटतो.

त्याच्याही आधीपासून त्यांना ओळखणाऱ्या होत्या, त्या जात्यावर बसणाऱ्या बायका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून काम सुरू करून मावळ-मुळशीपासून महाराष्ट्रभर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या ओव्यांत विठ्ठल आहे, रखुमाई आहे, ज्ञानोबा-तुकोबा आहेत, आणि तुकोबांसोबत जिजाईंचा संसारही आहे. ग्रंथात ज्यांचे नाव कमी आले त्या जात्याच्या घरघरीत जिवंत राहिल्या.

आता हे सगळे आजच्या वारीपर्यंत आणू, नाहीतर ही आठवण नुसती जुन्या काळाची राहील. पालखी निघते ज्येष्ठाच्या अखेरीस आणि पंढरीला पोचते आषाढी दशमीला. हेच दिवस पेरणीचे. मृग लागून गेलेला, आर्द्रा लागलेल्या. वाफसा आला की दोन दिवसांत बी जमिनीत पडले पाहिजे, उशीर झाला की वर्ष गेले. आपल्या दिंडीतल्या शंभर माणसांपाठी शंभर घरे असतात. त्या घरी कोणीतरी तिफणीमागे मोघा धरून उभी असते. कोणीतरी पहाटे धार काढून डेअरीवर दूध घालते, पोरांना शाळेत धाडते, म्हाताऱ्या सासऱ्याची औषधे बघते, आणि तुमच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, दशम्या, जादा धोतर आठवणीने घालते. निघताना ती कुरकुरलीही असेल. पेरणी तोंडावर आली आणि तुम्ही चालला, म्हणाली असेल. ते शब्द चारशे वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते देहूच्या घरातून आले आहेत. आपण त्यावर हसून, पताका खांद्यावर घेऊन निघतो.

वारीत आज बायका मोठ्या संख्येने चालतात, तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन पुढे असतात, ही फार आनंदाची गोष्ट आहे. पण जी या वर्षी येऊ शकली नाही, जिची वारी गोठ्यात आणि बांधावर झाली, तिचा हिशोब कोणत्या दिंडीच्या वहीत लिहिलेला नसतो. जिजाईंचाही लिहिलेला नव्हता.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो, रुचल्या तर घ्याव्यात.

एक, आपल्यापैकी जे कीर्तन-प्रवचन करतात त्यांनी जिजाईंची कथा जरूर सांगावी, उसाची सांगावी, काट्याची सांगावी. मात्र ऊस सांगताना कर्जाचे खत कोणाच्या नावावर होते तेही सांगावे. श्रोते हसले तरी चालेल, हसल्यानंतर गप्प झाले पाहिजेत.

दोन, गाथेच्या पारायणात पत्नीच्या कठीण उत्तरांचे अभंग आले की ते घाईने उरकू नयेत. तुकोबारायांनी त्यांना जागा दिली आहे. आपण त्यांना वेळ द्यावा.

तीन, घरी जी मागे राहते तिला वारी संपल्यावर नुसता बुक्का आणि चुरमुरे नेऊन देऊ नयेत. पालखीत काय पाहिले ते सांगायला बसावे, आणि तिने महिनाभर काय केले तेही ऐकावे. कोणत्या रानात काय पेरले, पाऊस कधी आला, म्हैस कधी व्यायली. तेही वारीचेच वर्तमान आहे.

पालखी पुण्याला येईल तेव्हा नाना पेठेत गर्दी असेल. दर्शनाची रांग लांब असेल. पादुकांवर डोके ठेवताना आपण ज्ञानोबा-तुकाराम म्हणूच. त्या गजरात मनातल्या मनात जिजाईंचे नाव घ्यायला किती वेळ लागतो? हे त्यांचे माहेर आहे. लेकाने सुरू केलेली पालखी दरवर्षी आईच्या गावी दोन रात्री उतरते, आणि माहेरी आलेल्याची चौकशी करणे हा आपल्याकडचा रिवाज आहे.

रामकृष्ण हरी.